शेत तुमचं नाही, मग हरकत कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला लग्नघरी विचारतात, फेरीबोटीत विचारतात, पंचायतीच्या पायरीवर तर हमखास. "ताई, ते शेत तुमचं नाही, तुम्ही कूळही नाही. मग भराव टाकायला मातीचा ट्रक आला की हरकत घ्यायला तुम्हीच का धावता?"

कारण खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतजमिनीत, एकट्याचं असं शेत नसतंच. गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्याकाठची आमची शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. खारं पाणी बाहेर थोपवतो तो बांध, आणि आत साचलेलं पावसाचं पाणी बाहेर सोडते ती मानस. मानशीच्या लाकडी फळ्या भरती चढली की पाण्याच्या जोरानं आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्यानं उघडतात. जास्तीचं पाणी पोंयीत, म्हणजे शेतांमधल्या खोलगट पाणसाठ्यात, जातं. वरच्या कोपऱ्यात कोणी भराव टाकला की तिथं मावणारं पाणी शेजाऱ्याच्या शेतात चढतं. त्याचं कोरगुट, म्हणजे खाजनातलं भात, कुजतं, एक-दोन वर्षांनी तो शेत पडीक टाकतो. पडीक शेताच्या बांधाकडे कोणी फिरकत नाही, आणि एखाद्या अमावस्येच्या उधाणाला तो फुटतो. खारं पाणी एकदा आत शिरलं की जमिनीतलं मीठ धुऊन जायला पुढचे कितीतरी पावसाळे जातात. काठच्या विहिरीही मचूळ होतात, आणि विहीर तर माझी आहे.

पूर्वी बांधाची देखभाल गावकरी, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणारी कोमुनिदाद ही संस्था, पाहायची. 1964च्या कूळ कायद्यानंतर हे काम कुळांच्या संघटनांकडे आलं. काही गावांनी ते नेटानं केलं. काही ठिकाणी मात्र मानशीतल्या मासळीचा लिलाव हेच मुख्य उत्पन्न झालं, आणि मासळी जास्त मिळावी म्हणून फळ्या उघड्या ठेवून शेतं बुडू दिली. हे मला भराव टाकणाऱ्या बिल्डरपेक्षा जास्त लागतं, कारण हे आपल्याच लोकांनी केलं. याच कालव्याच्या टापूत दुर्भाटचे शेतकरी पौष अमावस्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. कालव्यात खऱ्या मगरी आहेत. बांधाशी, चिखलाशी आणि मगरीशी इतकं जुनं नातं असलेल्या लोकांना फळ्या उघड्या ठेवण्याचं नुकसान मी काय समजावणार?

आता कायद्याचं. इथं बरेच जण अडतात. पाणथळ जागा म्हटली की 2017च्या पाणथळ नियमांचा आधार घेऊन अर्ज करतात. त्या नियमांनी भातशेती वगळली आहे, किनारी नियमनाखाली येणाऱ्या जागाही वगळल्या आहेत, त्यामुळे खाजनाचा अर्ज तिथं टिकत नाही. कुडचड्याच्या नंदा तळ्याची गोष्ट वेगळी, 2022मध्ये ते गोव्याची पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. खाजनासाठी 6 जानेवारी 2011ची किनारी नियमन अधिसूचना उघडायची. तिच्यात गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत आणि खाजनात विकासकामाला परवानगी नाही हे स्पष्ट लिहिलं आहे. नगरनियोजन कायद्याचं कलम 17-अ सखल जमीन लेखी परवानगीशिवाय भरू देत नाही. 1991चा जमीन वापराचा कायदा कुळाच्या मालकीची झालेली शेतजमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला लावू देत नाही. म्हणून ट्रक दिसला की मी आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद, काढते. त्यावर कुळाचं नाव असलं की अर्जाला बळ येतं.

पण खाजन नकाशावर दिसायला हवं. किनारी नियमन कुठं लागू होतं ते दाखवणाऱ्या किनारी आराखड्याचा मसुदा 2021मध्ये जनसुनावणीला आला तेव्हा आमच्या मानशी, आमचे बांध, वाळूच्या टेकड्या यात कुठं आहेत, हे विचारायला गावोगावचे लोक उभे राहिले. सप्टेंबर 2022मध्ये आराखड्याला केंद्राची मंजुरी मिळाली. ज्याची मानस कागदावर आली नाही, त्याला उद्या अधिकारी विचारणारच, हे खाजन कशावरून? म्हणून आम्ही वाड्यावरच्या जाणत्या माणसांना घेऊन बांधाबांधानं फिरतो आणि प्रत्येक मानशीचं नाव, सर्व्हे नंबर, भरती-ओहोटीचे फोटो नोंदवून ठेवतो. मला विचाराल तर मोर्च्यापेक्षा हे काम मोलाचं आहे. ते सांगणारी माणसं थकत चालली आहेत.

आणि मुदतीचं पाहा. पर्यावरणाच्या परवानगीविरुद्ध हरित लवादाकडे अपील करायला 30 दिवस मिळतात. विलंब माफ झालाच तर आणखी 60. त्यानंतर तुमचा मुद्दा कितीही खरा असला तरी दार बंद. आता सांगा, शेताचा मालक आखातात, त्याचा भाऊ लिस्बनमध्ये, उरलेले वारस एकमेकांशी बोलत नाहीत. 30 दिवसांत कोण धावणार? जो बांधाजवळ राहतो, त्यालाच ट्रक आधी दिसतो.

एका नातेवाइकानं मला तोंडावर सांगितलं, मुलाला घर बांधायला जागा नाही आणि तुम्हाला बगळ्यांची काळजी. त्याची अडचण खरी आहे. गावातल्या मुलांना घरापुरती जागा मिळायलाच हवी, आणि त्यासाठी गावाच्या भरड, म्हणजे उंचावरच्या कोरड्या, जमिनीतून वाटा मागणाऱ्या अर्जावर पहिली सही मी करीन. पण खाजन भरून बांधलेल्या घराच्या अंगणात पहिल्याच मोठ्या पावसात पाणी उभं राहतं. पंप लावून ते शेजाऱ्याकडे ढकलताना मी पाहिलं आहे, आणि त्यावरून झालेली भांडणंही.

येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडणार आहे. पावसाआधी मानशीच्या कुजलेल्या फळ्या बदलाव्यात, हा पहिला. आम्ही केलेली मानशींची नोंद पंचायतीनं दप्तरी दाखल करून किनारी प्राधिकरणाला पाठवावी, हा दुसरा. पहिल्याला अनुमोदक मिळाला आहे. दुसऱ्याला हवा आहे, आणि मतदार यादीत तुमचं नाव याच वॉर्डात आहे.