वाळवी, झुरळे आणि मिसळ : नाशिकमध्ये जुना फ्लॅट घेतानाचा माझा अनुभव

इस्टेट एजंटच्या बोलण्यातले किती खरे मानायचे, यासाठी मी एक कसोटी ठेवली होती. ज्या सल्ल्यामुळे त्याचा व्यवहार लांबतो किंवा मोडू शकतो, तो सल्ला नीट ऐकायचा; बाकीचा तपासून घ्यायचा. इंदिरानगरमधला तळमजल्यावरचा जुना फ्लॅट पाहताना आमच्या एजंटकाकांनी पहिल्यांदा दाखवली ती न्हाणीघराच्या दाराची चौकट, आणि तिथेच ते या कसोटीला उतरले.

हातातल्या किल्लीने त्यांनी चौकट खालपासून वरपर्यंत ठोकत नेली. खालच्या भागात आवाज पोकळ येत होता, वरच्या भागात भरीव. मग त्यांनी स्वयंपाकघरातील ओट्याखालच्या ट्रॉल्या पूर्ण बाहेर ओढून मागच्या भिंतीवर मोबाइलचा प्रकाश टाकला, तेव्हा फरशीच्या कडेपासून वर चढलेली, बोटभर रुंदीची, मातीची वेडीवाकडी रेघ दिसली. ‘‘ताई, ही वाळवीची वाट. रंग लावून घेतला की दिसणार नाही, म्हणून रंगाआधी बघा,’’ एवढेच ते म्हणाले. घरमालकांना हे फारसे रुचले नसावे. मात्र साठेखत (विक्रीचा प्राथमिक करार) करण्यापूर्वीच ही गोष्ट उघड झाल्यामुळे वाळवीच्या बंदोबस्ताचा खर्च किमतीतून वजा करून घेता आला. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातील दोष निघाला तर रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार विकासकाला तो दुरुस्त करून द्यावा लागतो. जुन्या घराच्या खरेदीत असा आधार नसतो, त्यामुळे जे पाहायचे ते सही करण्याआधीच पाहावे लागते.

चौकट बदलली की काम झाले, असा आमचा समज होता आणि सुताराचेही तेच म्हणणे होते. काकांनी आणि नंतर पेस्ट कंट्रोलच्या माणसाने तो खोडून काढला. या प्रकारच्या वाळवीचे वारूळ जमिनीत असते, तिला ओल लागते आणि लाकडापर्यंत ती मातीच्या नळीतून, उजेड व कोरडी हवा टाळत येते. जमीन तशीच ठेवून नवे लाकूड बसवणे म्हणजे तिला ताजे खाद्य पुरवणेच. म्हणून भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या रेषेवर साधारण फूटभर अंतराने 12 मिलिमीटरची छिद्रे पाडून त्यांत इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचे द्रावण सोडले गेले आणि ती व्हाइट सिमेंटने बुजवली. बांधून झालेल्या इमारतींसाठी भारतीय मानक 6313 च्या तिसऱ्या भागात दिलेली पद्धत अशीच आहे, आणि दरपत्रक मागताना या मानकाचा उल्लेख केला की केवळ फवारणी करून मोकळे होणारे ठेकेदार आपोआप गळतात. न्हाणीघराला मात्र आम्ही लाकडी चौकट पुन्हा बसवलीच नाही, ग्रॅनाइटची बसवली.

झुरळांचे प्रकरण अधिक चिवट निघाले. ट्रॉल्यांमागे दिसणारी झुरळे अर्ध्या इंचाची, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळसर पट्टे असलेली होती. ही जात गटारातून येत नाही. बहुधा सामानाबरोबर, विशेषतः पुठ्ठ्याच्या खोक्यांतून घरात शिरते. त्यामुळे सामान बांधायला किराणा दुकानातील जुनी खोकी आणू नका, हा काकांचा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण नेमकी तीच खोकी आणण्याचा आमचा बेत होता. त्यांचा दुसरा सल्ला मात्र मी मानला नाही. पेस्ट कंट्रोलवाल्याने झुरळांचे जेल लावल्यावरही ओट्याखाली झुरळे मारायच्या खडूच्या रेघा ओढा आणि वरून फवारा मारा, असे ते म्हणत होते. जेल हे आमिष आहे. झुरळाने ते खाऊन आपल्या बिळात जाऊन मरावे आणि त्याची विष्ठा व मृत शरीर खाऊन इतरांनीही मरावे, अशी ती योजना असते. आसपास फवारा मारला तर झुरळे तिकडे फिरकतच नाहीत. शिवाय मादी जवळ बाळगते त्या अंड्यांच्या डबीवर औषधाचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून नवी पिल्ले बाहेर पडल्यावर काही आठवड्यांनी जेलचा दुसरा हात द्यावाच लागतो. पेस्ट कंट्रोलच्या करारात ही दुसरी भेट लिहून घ्यावी.

या सगळ्यात स्वयंपाकघर रिकामे होते आणि आमची जेवणे बाहेर चालली होती. इथेही काकांकडे यादी तयार होती, आणि ती चवीइतकीच स्वच्छतेवर बेतलेली होती. नव्या ठिकाणी आधी हात धुवायला जायचे आणि बेसिनखालची नळी व कोपरे पाहायचे, ही त्यांची रीत. अन्नसुरक्षा परवाना क्रमांक दर्शनी भागात लावलेला असावा, हा तर नियमच आहे. तो 14 अंकी असतो. मिसळ सकाळीच खावी, कारण उशिरा गेल्यावर रश्श्याची लय बिघडते, हे मत मात्र शुद्ध नाशिककराचे होते. गंगापूर-सातपूर लिंक रोड परिसरातील ‘साधना’ची चुलीवरची मिसळ त्यांनी सुचवली आणि ती आम्हाला फार आवडली, मटकी, शेव, वेगळा रस्सा, सोबत दही आणि पापड, असा तो ऐसपैस नाश्ता दुपारच्या जेवणाची गरजच उरू देत नाही. मेन रोडवरील ‘सायंतारा’चा साबुदाणा वडा आणि बुधा हलवाई यांची जिलेबी हीदेखील त्यांचीच शिफारस. वडा उत्तम. जिलेबीबद्दल घरात दोन तट पडले. कोंडाजी चिवडा औषध सुकेपर्यंत रिकाम्या घरात थांबणाऱ्या माणसाच्या उपयोगी पडला.

बाहेरून बांधून आणलेल्या जेवणाचे डबे रात्री घरात ठेवायचे नाहीत, ही ताकीदही काकांचीच. जेल यशस्वी व्हायचे तर झुरळांना दुसरे खाणे मिळता कामा नये, हे पेस्ट कंट्रोलवाल्यानेही वेगळ्या शब्दांत सांगितले.

मोठी, लालसर झुरळे मात्र न्हाणीतूनच येत होती. मागचे न्हाणीघर बरेच महिने बंद असल्याने नहाणी ट्रॅपमधील, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या पाणी साठवणाऱ्या भागातील, पाणी आटले होते, आणि त्या पाण्याचाच अडसर नसल्यावर गटाराच्या चेंबरपासून घरापर्यंत वाट मोकळी होती. तिथे झडप असलेली जाळी बसवली आणि त्या न्हाणीत दर आठवड्याला बादलीभर पाणी ओतण्याचे काम मुलाकडे दिले.