नववीच्या वर्गात कुठली कादंबरी वाचायची?

जून आला की आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघतोच. पाठ्यपुस्तकात उतारे असतात, पण सगळ्यांनी मिळून अख्खी कादंबरी वाचायची मजा उताऱ्यात कुठून येणार, म्हणून आठवड्याचा एक तास मी त्यासाठी राखून ठेवतेच. आणि माझं म्हणणं एकच, आधी समोर बसलेली पोरं बघा, मग पुस्तक निवडा.

शाळा मराठी माध्यमाची, चेंबूरच्या बाजूला. पण घरी काय बोलतात विचारलं तर कुणाकडे सातारी, कुणाकडे मालवणी, कुणाची आई जालन्याकडची, आणि बऱ्याच जणांच्या घरी चक्क हिंदी. ग्राउंडवर उतरली की सगळ्यांची एकच मुंबईची भाषा. अशा मुलांच्या हातात आपण सोवळं मराठी ठेवतो आणि वर म्हणतो यांना वाचनाची आवडच नाही, हे मला अजिबात पटत नाही.

गेल्या वर्षी ‘फकिरा’ घेतली. १९५९ ची कादंबरी, सांगलीतल्या वाटेगावकडची. लिहिणारे अण्णाभाऊ साठे आपल्या घाटकोपरच्या चिरागनगरात राहायचे म्हटल्यावर मागच्या बाकावरून लगेच, ‘मॅडम, माझी मावशी तिकडेच राहते!’ एक मुलगी एरवी वाचायला उभी राहिली की अडखळते, तिने संवाद वाचायला घेतले आणि काय तो हेल, अगदी तिच्या आजीसारखा, आजी वाटेगावच्या बाजूचीच ना. मला जन्मात जमलं नसतं तसं. पुढच्या तासाला तीच बाकीच्यांना ‘असं नाय, असं म्हण’ करून शिकवत होती.

पण म्हणून वस्तीतल्या पोरांना फक्त वस्तीच वाचायला द्यायची असं नाही हां. पाण्याच्या लायनीचं वर्णन वाचताना एकजण सरळ म्हणाला, ‘सकाळी तेच करून आलो, परत काय तेच?’ बरोबरच आहे त्याचं. भाऊ पाध्येंच्या ‘वासूनाका’ची भाषा त्यांना लगेच आपली वाटेल, पण विषय मोठ्यांचा, नववीला नाही घेता येत. उलट प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला लंपन बेळगावकडचा, भाषा मराठीत कानडी मिसळलेली, (ती खरं तर कथांची मालिका, कादंबरी नाही, पण चालतं) तरी तो आमच्या वर्गाला जवळचा वाटला, कारण तो आईबाबांपासून लांब आजीआजोबांकडे राहतो आणि गावाला आजीकडे वाढून पाचवी-सहावीत मुंबईत आणलेली मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असतातच. पत्ता जुळायलाच पाहिजे असं काही नाही, मुलाच्या मनातलं काहीतरी जुळलं पाहिजे.

अडलंय ते घरी हिंदी बोलणाऱ्या मुलांपाशी. वर्गात मराठी आणि घरी भोजपुरी-हिंदी असं जगणारा मुंबईतला मुलगा किंवा मुलगी जिच्यात मुख्य आहे, आणि जी नववीला वाचता येईल, अशी मराठी कादंबरी मला अजून सापडलेली नाही. कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, यंदाची यादी अजून फायनल केलेली नाही.