स्वॅपला जागा किती?

लिनक्स बसवताना डिस्कच्या वाटणीपर्यंत सारे सुरळीत चालते. मग स्वॅपला, म्हणजे रॅममधली माहिती हलवून ठेवण्यासाठी डिस्कवर राखलेल्या कोपऱ्याला, किती जागा द्यायची हा प्रश्न येतो आणि हात थबकतो. ‘रॅमच्या दुप्पट’ हे उत्तर बहुतेकांना पाठ असते आणि एके काळी ते निराधारही नव्हते. १९९२च्या जानेवारीत लिनक्सच्या ०.१२ या आवृत्तीत रॅममधली पाने (माहितीचे ठरावीक मापाचे तुकडे) डिस्कवर ठेवण्याची सोय झाली, तेव्हा रॅम मेगाबाइटांत मोजली जात असे. पुढे २००१ मध्ये आलेल्या २.४ मालिकेच्या सुरुवातीच्या कर्नेलांत (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) तर एखादे पान रॅममध्ये परत आले तरी त्याची स्वॅपमधली जागा अडलेलीच राही, त्यामुळे रॅमइतकाच स्वॅप दिला तर पदरात फारसे काही पडत नसे. ते कर्नेल केव्हाच मागे पडले, तरी १६ गिगाबाइट रॅमच्या लॅपटॉपवर ३२ गिगाबाइट स्वॅपच्या नावाने बाजूला काढणारे लोक आजही भेटतात.

‘एवढी रॅम असताना स्वॅप हवाच कशाला’ असे म्हणणाऱ्यांचा पक्ष मला याहूनही कच्चा वाटतो. प्रोग्रॅमचा कोड आणि वाचलेल्या फायली यांची प्रत डिस्कवर आधीच असते, म्हणून ती पाने रॅममधून टाकली तरी पुन्हा वाचता येतात. परंतु प्रोग्रॅमने चालता चालता स्वतः तयार केलेल्या माहितीची दुसरी प्रत कुठेच नसते आणि तिला डिस्कवर जायला स्वॅप हाच रस्ता असतो. स्वॅप नसलेला संगणक म्हणजे माळा नसलेले घर: दिवाळीनंतर कोणी हात न लावलेले पातेले ओट्यावर ठाण मांडून बसते आणि तवा मात्र दर पोळीला शेजाऱ्यांकडून आणावा लागतो. सकाळपासून न पाहिलेल्या टॅबची माहिती रॅम अडवते आणि कर्नेल चालू प्रोग्रॅमचाच कोड टाकत नि पुन्हा वाचत राहतो. (कर्नेलमधल्या स्वॅपिनेस या सेटिंगचा आकडा ६० म्हणजे रॅम ६० टक्के भरल्यावर स्वॅप सुरू होतो, हा समजही असाच चिवट आहे; तो आकडा या दोन प्रकारच्या पानांपैकी कोणती आधी हलवावीत, याचा केवळ कल ठरवतो.)

मात्र स्वॅप अवाढव्य असला की बेफाम सुटलेला प्रोग्रॅम तो भरेपर्यंत सारा संगणक रखडत ठेवतो, आणि मेमरी संपल्यावर त्याला बंद पाडणारा कर्नेलमधला ओओएम किलर फार उशिरा जागा होतो. साध्या हार्ड डिस्कवर हा छळ असह्य असतो. म्हणून स्वॅपचे माप ठरवताना मी रॅमच्या पटीपेक्षा आपल्या सोशिकपणाचा विचार करतो, आणि ८ किंवा १६ गिगाबाइट रॅमच्या घरगुती संगणकाला ४ गिगाबाइट देऊन मोकळा होतो.

हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर जपून संगणक बंद, करायचे असेल, तर गणित वेगळे. त्या वेळी रॅममधला मजकूर स्वॅपमध्ये उतरवला जातो; कर्नेल तो आटोपशीर करण्याचा प्रयत्न करतो खरा, पण रॅमइतकी जागा असलेली बरी.

आता हा निर्णय पूर्वीइतका कायमचाही राहिलेला नाही. लिनक्सच्या वितरणांपैकी उबुंटूने १७.०४ पासून नव्या मांडणीत स्वतंत्र विभागाऐवजी स्वॅप फाइल स्वीकारली, तर फेडोराने ३३व्या आवृत्तीपासून रॅममध्येच पाने दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवणारा झेडरॅम. फाइल कमी पडली, तर ती बंद करून मोठी करता येते. त्याआधी व्हीएमस्टॅट या कमांडमधले ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे, स्वॅपमधून येणारी आणि स्वॅपमध्ये जाणारी माहिती दाखवणारे, रकाने रोजच्या कामात पाहावेत. ते बहुतेक वेळ शून्याजवळ असतील, तर स्वॅप थोडा भरलेला दिसला तरी चिंता नको, आणि ते सतत धावत असतील, तर पैसे रॅमवरच खर्च करावेत.