ग्लेशियरच्या जंगलात बंदुकीशिवाय

इथे अमेरिकेत लेकीला प्रवासाचा डबा द्यावा तितक्या मायेने लोक बंदूक देतात. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये आम्ही दोघं पाठीवर तंबू घेऊन हिंडणार, हे कळल्यावर एका वयस्कर सहकाऱ्याने मला स्वतःचं पॉइंट फोर फोर मॅग्नम रिव्हॉल्व्हर देऊ केलं. ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे, मोकळ्या हाताने जाऊ नका, म्हणाला. काळजी अगदी खरी होती.

मला ते घेता येणारच नव्हतं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर चार दिवसांसाठी उसनी घेतलेलीही चालत नाही. जाणूनबुजून देणाराही अडकतो. नव्याने आलेल्या मुलांनो, हे पक्कं लक्षात ठेवा, कारण आग्रह फार प्रेमाने होतो.

पण व्हिसा आड आला नसता तरी मी नकोच म्हटलं असतं, आणि त्यात भित्रेपणा नाही. २२ फेब्रुवारी २०१० पासून, राज्याचा कायदा परवानगी देत असेल तर नॅशनल पार्कमध्ये भरलेली बंदूक नेता येते. झाडायला मात्र बंदी आहे. ग्रिझली ताशी पन्नासहून जास्त किलोमीटर वेगाने अंगावर येतं. तेव्हा नेम धरायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो, आणि जखमी अस्वल मागे राहिलं तर पुढच्या वाटसरूच्या जिवावर बेततं. अस्वलाला पिटाळायचा स्प्रे आठ-नऊ मीटरपर्यंत तिखट ढग उभा करतो, नेम थोडा चुकला तरी भागतं. तो पट्ट्यालाच हवा, सॅकमध्ये नको. विमानात चेक-इन सामानातही चालत नाही, म्हणून इथे उतरूनच घ्यायचा.

ऑगस्ट १९६७ मध्ये याच पार्कमध्ये एका रात्रीत, दोन वेगळ्या ठिकाणी, अस्वलांनी १९ वर्षांच्या दोन मुलींचा जीव घेतला. अस्वलं माणसांच्या उष्ट्या-खरकट्यावर सोकावली होती. एका ठिकाणी तर ती खाताना बघायला पर्यटक जमायचे. त्यानंतर कचऱ्याचे आणि अन्न ठेवण्याचे नियम कडक झाले. आता मुक्कामी स्वयंपाकाची जागा तंबूंपासून लांब असते, आणि टूथपेस्टसुद्धा अन्नाबरोबर उंच टांगावी लागते. माझी लसणाची चटणीही तिथेच गेली. मला वाचवणार ते हेच, असं मी मानते.

घरचे म्हणतात, आपण हरिश्चंद्रगडावर नुसत्या काठीने जातो. जातो, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण जुन्नरच्या उसात बिबट्याशी गाठ पडते ती ऊसतोड करणाऱ्यांची आणि त्यांच्या लेकरांची, रविवारी गड चढून परतणाऱ्या आपली नाही. तरीही समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या कमरेला काय असेल, हा विचार सह्याद्रीत माझ्या मनात कधी आला नाही. इथे प्रत्येक वळणावर येतो. अस्वलाच्या भीतीवर उपाय सापडला, याच्यावर नाही.

ग्लेशियरला लागूनच कॅनडाचा वॉटरटन लेक्स पार्क आहे. तेच डोंगर, तीच अस्वलं. तिथे फिरायला येणाऱ्यांना स्प्रे चालतो, बंदूक नाही. कॅनडाचा व्हिसा मिळाला की पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिकडेच जाणार.