आज रोख चालेल का?

जुन्या किराणा दुकानांमध्ये गल्ल्यामागच्या भिंतीवर एक चित्र हमखास असायचं. एकीकडे रोखीने धंदा करणारा शेठ. गुबगुबीत, समाधानी, शेजारी पैशांनी भरलेली तिजोरी. दुसरीकडे उधारीवर माल विकणारा. कपाळाला हात, गालफडं बसलेली, रिकाम्या तिजोरीभोवती उंदीर. जवळच 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी, म्हणजे चित्र बघूनही ज्याला कळलं नाही त्याची सोय. त्यातल्या गुबगुबीत शेठना आज आमच्या भागातल्या एखाद्या नव्या कॅफेत पाठवलं, तर काउंटरवरची मुलगी अगदी गोड आवाजात सांगेल, "सॉरी सर, आम्ही कॅश घेत नाही." ज्याच्यासाठी पिढ्यान् पिढ्या गिऱ्हाइकाच्या मागे लागायचं, तेच समोर आलं की हात मागे घ्यायचा, ही प्रगती मला अजून पचलेली नाही.

मी फोनविरोधी पक्षाची नाही, हे आधीच सांगून टाकते. कोथिंबिरीची जुडीसुद्धा मी क्यूआर कोडवर घेते आणि भाजीवालीच्या डब्यातून 'दहा रुपये प्राप्त झाले' असा खणखणीत आवाज आला की मलाही बरं वाटतं. यूपीआय सुरू झालं २०१६ च्या एप्रिलमध्ये. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांचा आकडा पहिल्यांदाच १,००० कोटींच्या पुढे गेला. यामागे सुट्ट्यांचा छळ किती होता, हे आठवणाऱ्यांनाच कळेल. एसटीचा कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर पेनाने बाकी लिहून द्यायचा आणि मग सगळा प्रवास त्याच्यावर नजर ठेवण्यात जायचा. उतरायचं ठिकाण आलं की "मास्तर, माझे सात रुपये" असं ओरडत दाराशी जायचं. वाण्याकडे एका रुपयाऐवजी चॉकलेट मिळायचं. तेच चॉकलेट दुसऱ्या दिवशी त्याला एक रुपया म्हणून दिलं, तर तो असा बघायचा की जणू आपण खोटी नोट छापली. ती सगळी कटकट गेली, छान झालं.

गंमत अशी की रोखही गेलेली नाही. नोटबंदीच्या वेळी, म्हणजे २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, देशात साधारण १८ लाख कोटींचं चलन फिरत होतं. २०२४ च्या मार्चपर्यंत ते सुमारे ३५ लाख कोटींवर गेलं. लोक फोनही दाबतायत आणि नोटाही बाळगतायत. लोकांचं काही अडलेलं नाही. अडतंय ते काही काउंटरांचं.

माझ्या आईकडे बटणांचा फोन आहे. तिला तोच पुरतो. एकदा तिच्याबरोबर औषधांच्या दुकानात गेले होते. बिल झालं दोनशे चाळीस. तिने पाकिटातून शंभराच्या दोन आणि विसाच्या दोन अशा नोटा काढल्या, घड्या उलगडून काउंटरवर ठेवल्या. पोरगा म्हणाला, "आजी, ऑनलाइन करा ना."

"ऑनलाइन नाही रे बाळा. हे काय, सुट्टे दिलेत की."

"कॅश बंद केलीये आजी, हिशेबाला त्रास होतो."

"मग मी काय करू? पुढच्या जन्मी येऊ?"

मी पर्समधला फोन काढायला लागले, तर आईने माझा हात धरला. "तू थांब. माझी औषधं आहेत." पोरगा आतल्या मालकाकडे गेला, दोघांची काहीतरी कुजबुज झाली आणि नोटा घेतल्या गेल्या. अगदी उपकार केल्यासारख्या. माझं लक्ष आईच्या 'माझी औषधं' याच शब्दांवर राहिलं. मी फोनने पैसे भरले असते तर औषधं मिळालीच असती, पण ती लेकीने घेऊन दिलेली झाली असती. आयुष्यभर स्वतःचं बिल स्वतः चुकतं करणाऱ्या बाईला पंचाहत्तरीत 'कोणाला तरी बरोबर घेऊन या' असं सांगायचं, हे हिशेबाच्या सोयीसाठी जरा महागच आहे.

त्यानंतर मी कायदा चाळला. भारतीय रिझर्व्ह बँक कायदा, १९३४, कलम २६. प्रत्येक नोट तिच्यावर छापलेल्या रकमेपुरती भारतात कुठेही वैध चलन आहे आणि तिला केंद्र सरकारची हमी आहे. नोटेवर गव्हर्नरसाहेब धारकाला तेवढी रक्कम अदा करण्याचं वचन देतात, तेही सहीनिशी. (एक रुपयाच्या नोटेवर मात्र वचनही नाही आणि गव्हर्नरांची सहीही नाही. ती सरकारची, त्यामुळे तिथे वित्त सचिव सही करतात. आहेराच्या पाकिटासाठी कोऱ्या एकच्या नोटा जपून ठेवणाऱ्यांना हे माहीत असावं.) नाण्यांचं वेगळं. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी १,००० रुपयांपर्यंत वैध, आणि पन्नास पैशांची नाणी फक्त दहा रुपयांपर्यंत. पन्नास पैसे अजून वैध आहेत, हे वाचून मला एखादा दूरचा काका हयात असल्याचं कळावं तसं झालं. निवडणुकीत २५,००० रुपयांची अनामत चिल्लर पोत्यात घालून नेणारे उमेदवार अधूनमधून पेपरात झळकतात. ते १,००० ची मर्यादा वाचून जात नसावेत.

पण कलम २६ मध्ये जे शोधत होते ते सापडलं नाही. दुकानदाराने नोट घेतलीच पाहिजे, न घेतल्यास अमुक दंड, असं सरळ वाक्य तिथे नाही. वकील मंडळी यात एक बारीक फरक करतात. देणं आधी तयार झालं असेल तर नोट पुढे करणं म्हणजे रीतसर फेड; विक्रीच अजून झालेली नसेल तर दुकानदार म्हणू शकतो की माझ्या अटीवर घ्या, नाहीतर राहू द्या. हे वाचल्यापासून मी हॉटेलांकडे वेगळ्या नजरेने बघते. अमृततुल्यमध्ये चहा आधी, पैसे नंतर. म्हणजे चहा पोटात गेला की मी देणेकरी आणि माझ्या हातातली वीसची नोट कायद्याने खणखणीत. मिसळीचंही तेच. आधी तर्री, मग बिल. आणि जिथे आधी कुपन काढायचं, मग थरथरणारं ते यंत्र घेऊन टेबलाशी बसायचं, तिथे देणं तयारच होत नाही, त्यामुळे नोटही लंगडी. एका मॉलच्या फूड कोर्टात तर रोख देऊन आधी त्यांचं कार्ड घ्यावं लागलं, मग कार्ड देऊन डोसा. डोसा संपला, कार्डात चौतीस रुपये उरले, ते परत मिळण्याचं काउंटर 'थोड्या वेळात' उघडणार होतं. रोखीला नाही म्हणायचंच, पण तिच्यातले चौतीस रुपये ठेवून घेऊन.

दुकानदारांना एकट्याने दोष देण्यातही अर्थ नाही. महामार्गाच्या टोलनाक्यावर २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. नसेल तर रोखीने दुप्पट. २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्यात आणखी एक पायरी आली. चालू फास्टॅग नसलेल्या गाडीने यूपीआयने भरलं तर सव्वापट ठरलं, रोखीने भरलं तर दुप्पटच राहिलं. चूक एकच, गाडी तीच, नाका तोच. नोट काढली म्हणून पाऊणपट जास्त. नोटेला हमी केंद्र सरकारची आणि हे दरही केंद्र सरकारचेच. रांगा कमी होतात हे मान्य. तरी स्वतःच हमी दिलेल्या कागदावर स्वतःच दंड लावायचा, याला एक वेगळाच आत्मविश्वास लागतो.

आणखी एक. ज्यांची उलाढाल वर्षाला ५० कोटींपेक्षा जास्त, त्यांनी ठरावीक इलेक्ट्रॉनिक मार्गांनी पैसे देण्याची सोय गिऱ्हाइकाला दिलीच पाहिजे, असं कलम २०१९ साली आयकर कायद्यात घातलं गेलं. नाही दिली तर दिवसाला ५,००० रुपये दंड. म्हणजे मोठ्या दुकानात फोनने पैसे देण्याचा माझा हक्क कागदावर आहे, दंडासकट. आईचा नोटेने देण्याचा हक्क असाच लिहून ठेवायला मात्र कोणाला सुचलं नाही.

अमेरिकेत उलटी तऱ्हा. तिथे देशभर लागू असा कायदा नाही, पण मॅसॅच्युसेट्समध्ये दुकानांनी रोख घेतलीच पाहिजे हा नियम १९७८ पासून आहे. न्यू जर्सीने २०१९ मध्ये तसाच कायदा केला, न्यूयॉर्क शहराने २०२० मध्ये लागू केला. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपास राहणारी आपली मराठी माणसं त्या छत्राखाली आपोआप आली. तिथल्या बहुतेकांच्या खिशात डॉलरची नोट नसते, ही गोष्ट वेगळी. तिथे मुद्दा होता बँकेत खातंच नसलेल्या लोकांचा. कार्ड नाही म्हणून सँडविच नाही, हे त्या नगरसेवकांना पटलं नाही. नॉर्वेने २०२४ च्या ऑक्टोबरपासून कायदा कडक केला आणि रोख नाकारणाऱ्या दुकानांना दंडाची सोय केली. आणि स्वीडन! युरोपातल्या पहिल्या नोटा १६६१ मध्ये तिथेच निघाल्या, रोख घेत नाही अशा पाट्याही तिथेच उदंड झाल्या. त्याच स्वीडनच्या सरकारने २०२४ मध्ये संकटकाळाची पुस्तिका घरोघर पाठवली, त्यात घरात थोडी रोख ठेवा, वेगवेगळ्या किमतीच्या नोटा ठेवा, असा सल्ला आहे.

आपल्याला हे पुस्तिकेतून कळायची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी चढलं तेव्हा वीज गेली, रेंज गेली, आणि बंद पडलेल्या फोनवर कोणतंच ॲप उघडत नसतं. एवढं लांब कशाला, २०२५ च्या १२ एप्रिलला, शनिवारी, यूपीआय काही तास अडखळलं, तेव्हा सगळा देश हॉटेलांत बिलाकडे बघत बसला होता. त्या दिवशी पाकिटात नोट असलेला माणूस एकदम खानदानी वाटत होता.

पण माझा खरा मुद्दा पुराचा नाही. रोखीचा व्यवहार दिला-घेतला की तिथेच संपतो. कोणी नाव विचारत नाही, नंबर विचारत नाही, 'तुमचा अनुभव कसा होता' असा मेसेज येत नाही. 'ज्याला लपवायचं नाही त्याला रोख कशाला,' असं म्हणणारे लोक भेटतात. त्यांनी बायकांचे डबे बघितलेले नसावेत. डाळीच्या, तांदळाच्या, शिकेकाईच्या डब्यांत घरखर्चातून वाचवलेले पैसे २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर आले. कितीतरी बायकांना पाचशे-हजाराच्या त्या नोटा नवऱ्यापुढे ठेवून 'बदलून आणा' म्हणावं लागलं. त्यात काळं काहीही नव्हतं. भावाच्या मुलीला फ्रॉक, स्वतःला एखादी साडी, कामवालीला अडीअडचणीला पाचशे. आता खातं जोडखातं, मेसेज नवऱ्याच्या फोनवर. कुल्फी खाल्ली तरी घरी पोचायच्या आत बातमी पोचते. नवरा चांगला असला तर चेष्टेवारी निभावतं. नसला तर? आणि मुलांचं काय? आठ वर्षांच्या पोराला कोपऱ्यावरून दही आणायला पाठवायचं तर हातात नोटच द्यावी लागते. उरलेले पाच रुपये मोजून परत आणणं आणि त्यातून एक पेप्सीकोला उडवणं, हे माझं अर्थशास्त्राचं सगळं शिक्षण.

उलट बाजूचंही सांगायला हवं. २०२५ च्या जुलैमध्ये बंगळुरूत लहान विक्रेत्यांना यूपीआयच्या जमेवरून कर खात्याच्या नोटिसा गेल्या आणि रातोरात टपऱ्यांवर 'यूपीआय नाही, फक्त कॅश' अशा पाट्या लागल्या. खिशात फोनाशिवाय काही नसलेले आयटीवाले चहाच्या टपरीसमोर आईसारखेच उभे राहिले असणार. मला त्यांचीही तेवढीच दया येते. चहा पिणाऱ्याने कर खात्याचं भांडण का निस्तरायचं?

माझं मागणं फार नाही. औषध, दूध, रेशन, भाजी, बस, दवाखाना. जिथे गेल्यावाचून गत्यंतर नाही तिथे नोट घेतलीच पाहिजे, एवढं एक वाक्य कायद्यात यावं, दंडासकट. कॅफेवाल्यांनी खुशाल घेऊ नये. फक्त ती पाटी दाराबाहेर लावावी, कॉफी हातात दिल्यावर सांगू नये. आणि पाचशेची नोट पुढे करून दहाचा कढीपत्ता मागणारे जे महाभाग असतात, त्यांना भाजीवालीने काय वाटेल ते बोलावं; त्यांचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही.