पुण्याचा पंखा ठाण्यात

माशांच्या टाक्या सांभाळणं हे माझं काम. समुद्री माशांची, म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी असलेल्या घरातून मे महिन्याच्या दुपारी फोन आला की मी आधी थर्मामीटर वाचायला सांगतो, बाकीचं नंतर ऐकतो. हा फोन टाकीच्या मालकीण मॅडमचा नव्हता, त्यांच्या सासूबाईंचा, म्हणजे काकूंचा होता. "दादा, ते फूल आक्रसलंय आणि मासे वर येऊन तोंड उघडतायत." घोडबंदर रोडवरचा टॉवर, पश्चिमेकडचा हॉल, साठ लिटरची टाकी. चष्मा लावून त्यांनी वाचलं : 31.8.

फोनवर सांगायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. टाकीचे दिवे बंद. काचेचं झाकण बाजूला. हीटरची पिन काढा, कारण हीटरचा थर्मोस्टॅट चिकटतो तो नेमका उन्हाळ्यात आणि कुणाचं लक्ष नसतं. फ्रीजरमध्ये अर्ध्या लिटरची बाटली गोठलेली असेल तर बूच घट्ट लावून टाकीत तरंगत सोडा, एका वेळी एकच. अर्धा लिटर बर्फ साठ लिटर पाणी साधारण एका अंशाने उतरवतो. त्याहून घाईने उतरवायचंही नसतं, त्यामुळे हिशोब सोयीचा पडतो. बर्फाचे सुटे खडे मात्र आत टाकायचे नाहीत, त्यात नळाचं क्लोरीन असतं. हे मी दोनदा सांगतो, तरी निम्मे लोक खडेच टाकतात. काकूंनी बाटली सोडली होती. सांगितलं तेवढंच करणारं गिऱ्हाईक दुर्मीळ.

पोहोचलो तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या, खाडीकडून चिकट वारा येत होता. टाकीच्या कडेला दोन क्लिपचे पंखे घरघरत होते. दुसरा कालच आणलेला. दुकानदार म्हणाला होता, एकाने भागत नाही तर दोन लावा. अशा दुकानदारांना मी काही बोलत नाही, कारण त्यांच्यामुळेच माझं पोट चालतं.

मॅडम ऑफिसातून फोनवर. सॉफ्टवेअरमधल्या, त्यामुळे आकडे तयार. "अहो, आम्ही कोथरूडला होतो तेव्हा बाहेर 38-39 असायचं आणि एका फॅनवर टाकी 27 च्या वर कधी गेली नाही. इथे तर बाहेर 33 आहे. फॅनच डिफेक्टिव्ह असणार."

पंखा उत्तम होता. पंखा पाणी गार करत नाही, त्याची वाफ करून उडवतो, आणि उडणारं पाणी उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडताना जी उष्णता नेतं तेवढ्यात साठ लिटर पाणी जवळपास दहा अंशांनी उतरेल, इतकी ताकद त्यात आहे. पण हवेने ते पाणी घ्यायला हवं ना! ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात धरला तर पारा जिथे येऊन थांबतो, त्याच्या खाली कुठलाही पंखा टाकी नेऊ शकत नाही. पुण्यात 38 अंश आणि 20 टक्के दमट हवा असेल तर हा आकडा 21 च्या आसपास. ठाण्यात 33 अंश आणि 70 टक्के असेल तर 28 च्या वर. त्यावर पंपाची उष्णता वेगळीच. पाण्यात बुडालेला 20 वॅटचा पंप म्हणजे 20 वॅटचा हीटर, चोवीस तास.

मी हे सगळं फोनवर समजावत होतो आणि मॅडम "पण लॉजिकली..." म्हणत होत्या. काकू मागून म्हणाल्या, "अगं, पुण्याला माठातलं पाणी दात शिवशिवेपर्यंत गार व्हायचं. इथे आल्यापासून माठ नुसता ओट्यावर बसलाय." मला पुढे बोलायची गरजच उरली नाही.

खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. खारेपणा (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) 1.025 हवा, तो निघाला 1.029. म्हणजे पंखे थोडंफार पाणी उडवत होते आणि पातळी खाली गेली की घरातले मीठ कालवलेलं पाणीच वरून ओतत होते. समुद्राच्या टाकीत समुद्राचं पाणी, ऐकायला बरोबर वाटतं. पण मीठ उडत नाही, ते मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या साध्या पाण्याची. त्यात पाणी जितकं गरम आणि जितकं खारट, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. मासे वर का येत होते ते कळलं.

मग खिडक्या लावल्या, एसी 26 वर आणि 'ड्राय'वर टाकला. काकूंना एसीने सांधे धरतात, त्या शाल घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मला खोली गार करण्यापेक्षा हवा कोरडी करायची होती. पंखे तेच, जागा तीच, पण आता पाणी उडायला लागलं. झाकणाच्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली, कारण क्लाउनफिश, म्हणजे टाकीतले मासे, उडी मारतात आणि काच ठेवली तर वाफ परत टाकीतच पडते. संध्याकाळी काटा 29 च्या खाली आला. दोन्ही क्लाउनफिश खाली गेले, कल्ल्यांची धाप बसली. खारेपणा मात्र त्या दिवशी थोडाच उतरवला, बाकीचा पुढच्या काही दिवसांत. तो घाईने उतरवला की जगलेले प्राणीही जातात.

आता ॲनिमोनी, म्हणजे काकूंचं ते 'फूल'. दिसतं फुलासारखं, पण तो दगडाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी. सगळं लिहिण्याचं कारण तोच आहे. (टाकीत प्रवाळ नव्हते आणि मी ते कुणाला लावूनही देत नाही. कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, तरी खोक्यातून विकले जातातच.) ॲनिमोनी बोटभर आक्रसलेला, पांढराफटक. त्याच्या अंगातल्या शेवाळाने अंग सोडलेलं. पाय मात्र दगडाला घट्ट. मेलेला ॲनिमोनी साठ लिटरमध्ये विरघळला तर रात्रीत सगळी टाकी नासते. वास घेतला, कुजका नव्हता. तोंड किंचित उघडं, पण बोट लावल्यावर मिटलं. जिवंत होता. दगडासकट काढून माझ्याकडे नेला, माझ्या टाकीत 26 अंश असतात.

त्याला नेमकं कशाने मारत आणलं, हे मला अजून सांगता येत नाही. उष्णतेने म्हणावं तर 31 च्या आसपास तो आधीही काही दिवस होता. खारटपणाने म्हणावं तर मासे त्याच पाण्यात टिकले. प्रवासात आधीच खचलेला असेल, असंही मन म्हणतं. अजून पांढराच आहे. कोलंबीचा कण पकडतो, कधी कधी थुंकून टाकतो.

चिलरचं, म्हणजे टाकीचं पाणी गार करणाऱ्या यंत्राचं कोटेशन मॅडमना पाठवलंय. एक दशांश एचपीचा, टाकीपेक्षा महाग. तो कपाटात बंद करायचा नाही, बाहेर फेकलेलीच गरम हवा परत ओढून घेतो, हेही लिहिलंय. त्यांचं उत्तर आलं : पावसाळा लागला की गार होईल, तेव्हा बघू. जुलैत हवा 29 असेल आणि ओलावा 85 टक्क्यांवर, पंख्याला फारसं काही उडवता येणार नाही. हे टाइप केलं, मग फोनच लावला. उचलला काकूंनी. त्यांनी विचारलं, "चिलर किती आवाज करतो?"