ग्लायडरच्या परवान्याचे माप

यंदाच्या उत्तरायणाला आमच्या दांडिया बाजारातील गच्चीवर दुपारी तीनपर्यंत वारा पडलेलाच होता, त्यामुळे पतंग गुंडाळून ठेवून सगळे उंधियू आणि जिलेबीकडे वळले होते. नुकतीच सोळा वर्षे पूर्ण केलेली माझी पुतणी मांडीवर फिरकी घेऊन बसली होती. तिने मधेच विचारले, "काका, ग्लायडरचे लायसन्स काढायला किती दिवस लागतात?" मी पुण्यात शिकत असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, उडवायला शिकलो, हे तिला घरातल्या जुन्या फोटोंवरून ठाऊक आहे. याचे उत्तर दिवसांत देता येत नाही, असे मी म्हणालो. मग ते कशात द्यायचे, यावर आमची उरलेली दुपार गेली.

आधी कायद्याचे. १९३४ च्या विमान कायद्याने 'विमान' या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्यात फुगे, हवाई जहाजे आणि ग्लायडर यांच्या जोडीने पतंगही बसवलेला आहे. व्याख्या अक्षरशः घेतली, तर त्या दिवशी वडोदऱ्याच्या गच्च्यांवर हजारो विमाने वाऱ्याची वाट पाहत पडली होती आणि एकाही वैमानिकाजवळ कागद नव्हता. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे. वैमानिकांच्या परवान्यांचा तपशील १९३७ च्या विमान नियमांत आला आणि ते परवाने देण्याचे काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे सगळे ज्याला डीजीसीए म्हणतात त्याचे. हडपसरचे केंद्रही याच महासंचालनालयाचे आहे. छंदाच्या उड्डाणाचे नियम करणारे आणि ते उड्डाण शिकवणारे एकाच घरचे असावेत, ही गोष्ट मला तेव्हाही गमतीची वाटत असे.

किमान अटी मात्र जगभर बऱ्याचशा सारख्या आहेत, कारण आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्या लिहिलेल्या आहेत. परवान्यासाठी वय १६ पूर्ण हवे, ग्लायडरवर किमान ६ तास उड्डाण झालेले हवे, त्यांतले २ तास एकट्याने आणि त्या एकट्याच्या उड्डाणांत किमान २० वेळा वर जाणे व उतरणे झालेले हवे. कोणताही देश याहून कडक अटी घालू शकतो आणि अनेक देश घालतातही. पुतणीने लगेच हिशेब केला की दोन तास म्हणजे १२० मिनिटे, भागिले वीस, म्हणजे एका उड्डाणाला जेमतेम सहा मिनिटे. एवढ्यात काय शिकणार? मला तो भागाकार फार आवडला, कारण विंचने वर गेलेले ग्लायडर, वर चढणारी गरम हवा सापडली नाही तर, साधारण तेवढ्याच वेळात मैदानाला एक वळसा घालून खाली येते. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काय होते हे मी कसे सांगणार, पण हे आकडे मैदानाशी इतके जुळतात की ते मैदान पाहिलेल्या माणसानेच लिहिले असावेत, असे मला वाटते.

विंच म्हणजे काय, हे पतंग उडवणाऱ्या माणसाला फारसे समजावावे लागत नाही. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला इंजिनावर चालणारी एक मोठी फिरकी असते, ती जाड दोर झपाट्याने गुंडाळत जाते आणि दोराच्या या टोकाला अडकवलेले ग्लायडर पतंगासारखेच नाक वर करून चढते. फरक इतकाच की पतंगाचा मांजा तुटला तर पतंग जातो, आणि येथे त्या पतंगात आपण स्वतः बसलेलो असतो. म्हणून दोरात एक कडी मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. ताण मर्यादेबाहेर गेला तर आधी ती तुटावी आणि पंख शाबूत राहावेत, हा हेतू.

दोर तुटल्यावर काय करायचे, हा शिक्षणाचा खरा गाभा आहे. माझे प्रशिक्षक मागच्या सीटवरून काही न बोलता दोर सोडण्याची पिवळी मूठ ओढत. खाडकन आवाज होई, समोर नुसते आकाश दिसत असे, वाऱ्याचा आवाज बसत जाई आणि काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा लुळा पडल्यासारखा इकडेतिकडे हले. त्या क्षणी पहिले काम म्हणजे स्टिक पुढे ढकलून नाक खाली आणणे, मग वेग पुरेसा झाला की नाही ते पाहणे, दोराचा तुकडा लटकत असेल म्हणून मूठ स्वतः पुन्हा ओढणे, आणि त्यानंतरच समोर उतरायचे की वळून यायचे ते ठरवणे. कागदावर हे एका वाक्यात मावते. मला हात आपोआप पुढे जायला सात-आठ वेळा लागल्या आणि त्या सात-आठ वेळांचा एकूण वेळ अर्धा तासही भरला नसेल.

म्हणूनच मला तासांपेक्षा उड्डाणांची गणती अधिक प्रामाणिक वाटते. वर जाण्याची जी पद्धत वापरायची तिचा अनुभव वैमानिकाला असलाच पाहिजे, अशी अट आंतरराष्ट्रीय परिशिष्टातही आहे. युरोपातील आजच्या नियमांनुसार विंचसाठी प्रशिक्षकासोबत किमान १० आणि देखरेखीखाली एकट्याने ५ उड्डाणे लागतात. विमानामागे दोराने ओढून जायचे असेल, तर ती मोजणी निराळी होते. तेथे परवाना १६ व्या वर्षी मिळत असला, तरी एकट्याने उडण्याची मुभा १४ व्या वर्षापासून आहे, हे ऐकून पुतणीला आपली दोन वर्षे फुकट गेल्याचे दुःख झाले.

डॉक्टरी दाखल्याबाबत देशोदेशी मते वेगळी आहेत. आंतरराष्ट्रीय नियम दुसऱ्या वर्गाची वैद्यकीय तपासणी मागतो. ती चाळिशीच्या आत ६० महिने आणि चाळिशीनंतर २४ महिने चालते. अमेरिकेत ग्लायडरच्या वैमानिकाला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतच नाही. आपण उडण्याच्या स्थितीत आहोत की नाही हे त्याने स्वतः ठरवायचे आणि नसल्यास उडायचे नाही. रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस म्हणून मला दोन्हींतला अर्थ कळतो. तरीही निवड करायचीच झाली, तर दोन वर्षांपूर्वीच्या शिक्क्यापेक्षा गेल्या महिन्यातल्या दोन लँडिंगवर मी अधिक विश्वास ठेवीन.

याला कारण माझाच एक दिवस आहे. परवाना हाती आल्यानंतर नोकरीच्या धावपळीत सव्वा वर्ष मी मैदानावर फिरकलो नाही आणि मग एका रविवारी, कागद चालू आहेत या भरवशावर, थेट एकटाच उडालो. उतरताना उंची जास्त होती, म्हणून एअरब्रेक, म्हणजे ग्लायडर लवकर खाली आणणाऱ्या पंखांवरच्या फळ्या, उघडायला हात नेला आणि शेजारचा दुसराच दांडा ओढला. ग्लायडर खाली येईना. आपण काय ओढले आहे हे लक्षात येईपर्यंत अर्धे मैदान मागे गेले होते. इंजिन नसल्यामुळे पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करण्याची सोय येथे नसते. कुंपणापासून वीसेक पावलांवर थांबलो. चूक सर्वस्वी माझी होती, पण मला अडवणारे काहीही त्या दिवशी आड आले नाही, हेही खरे आहे.

युरोपच्या नियमांत फार दिवस न उडालेला माणूस आज अडतो. गेल्या २४ महिन्यांत ५ तास, १५ उड्डाणे आणि प्रशिक्षकासोबत २ सराव-उड्डाणे झालेली नसतील, तर परवाना खिशात असूनही एकट्याने उडता येत नाही. अमेरिकेत दर २४ महिन्यांनी प्रशिक्षकासोबत आढावा द्यावा लागतो, आणि प्रवासी बसवायचा असेल तर मागच्या ९० दिवसांत तीनदा उडून उतरलेले असावे लागते. सव्वा वर्षाची माझी सुट्टी कदाचित युरोपच्या जाळीतूनही निसटली असती; ९० दिवसांची मोजणी मला म्हणूनच अधिक पटते, आणि ती केवळ प्रवाशासाठी का असावी, एकट्या माणसाच्या जिवासाठी का नसावी, हे मला आजवर उमगलेले नाही.

साडेचारला वारा सुटला आणि फिरकी माझ्या हातात देऊन पुतणी पतंगाला किन्ना बांधायला उठली. रात्री कपाटातून माझे लॉगबुक काढून तिला दिले. तिने पाने चाळली, शेवटच्या नोंदीची तारीख पाहिली आणि "काका, हे तर माझ्या जन्माच्या आधीचे आहे," असे म्हणाली. परीक्षा संपल्यावर हडपसरला नुसते बघायला जायचे ठरले आहे. मी तिच्याबरोबर जाणार आहे. मात्र मागच्या सीटवर प्रशिक्षक असल्याशिवाय मी स्वतः ग्लायडरमध्ये बसणार नाही, हे वहिनींना आधीच सांगून ठेवले आहे.